जोर कृतीसह स्पष्ट करा

शरीर आणि बुद्धी यांचा परस्परांशी संबंध असतो, हे आता जगभर मान्य झालेले आहे. कोणाच्या शरीराचा कोणाच्या बुद्धीशी, एवढाच तपशील ठरायचा राहिला होता. तो आमच्या महाविद्यालयाने गेल्या शैक्षणिक वर्षात ठरवला. त्या कार्यात सदस्य सचिव म्हणून मला सहभागी होता आले, ही माझ्या एकोणतीस वर्षांच्या सेवेतील अत्यंत समाधानाची बाब होय.

मी नाशिकच्या श्री गोदाज्ञान महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. (माझे नाव सेवापुस्तिकेत आहे.) महाविद्यालय द्वारका चौकापासून चालत अकरा मिनिटांवर आहे, चौक ओलांडायचा असेल तर पंचवीस. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वायत्त झालो. स्वायत्ततेचा मोठा फायदा असा, की चूक करण्यासाठी आता विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

जुलै महिन्यात आमचे प्राचार्य डॉ. रंगनाथ पेखळे एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात एका वक्त्याने पडद्यावर आलेख दाखवला. ज्या तरुणांची शारीरिक क्षमता चांगली, त्यांचे परीक्षेतले गुणही चांगले, असा त्या आलेखाचा आशय होता. वक्ता पुढे "परंतु" म्हणाला आणि त्याच वेळी चहा आला. साहेब नाशिकला परतले ते परंतुच्या आधीचा भाग घेऊन.

सोमवारी सभा झाली. साहेबांची मांडणी इतकी स्वच्छ होती, की इतिवृत्तात मला एकही शब्द बदलावा लागला नाही. पळणारी मुले हुशार असतात. आपली मुले हुशार नाहीत. अर्थात ती पळत नाहीत. ती पळू लागली, की हुशार होतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात मूल्यांकन समिती येईल तेव्हा आपल्याला पळावे लागणार नाही. योजनेला 'शारीरिक-शैक्षणिक समन्वय योजना' असे नाव देण्यात आले व सात जणांची समिती नेमण्यात आली. सातांपैकी पाच सदस्यांना जिना चढताना मध्ये थांबावे लागत असल्याने, समितीच्या सभा तळमजल्यावर घ्याव्यात, असा पहिला ठराव एकमताने संमत झाला.

उरलेल्या दोघांपैकी एक संख्याशास्त्राच्या उज्वला मॅडम आणि दुसरे आमचे क्रीडा संचालक कोंडाजी ढिकले सर. ढिकले सर सिन्नरकडचे. तरुणपणी कुस्ती खेळायचे, त्याची साक्ष त्यांचे चुरगळलेले कान देतात. निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. अठ्ठावीस वर्षे ते रोज सकाळी सहाला येऊन एकटेच मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारत. त्या रेषांचा प्राध्यापकांना गाड्या ओळीत लावायला फार उपयोग होई. योजना ढिकले सरांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्यात नवी शिट्टी होती.

ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाच्या सहाशे बारा विद्यार्थ्यांची चाचणी ठरली. सोळाशे मीटर धाव, जोर, बैठका, बसून पायाचे अंगठे धरणे आणि विश्रांत अवस्थेतील नाडी. सहाशे बारांपैकी चौऱ्याहत्तर जणांनी वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करून सूट घेतली. (पैकी एकावन्न प्रमाणपत्रे एकाच दंतवैद्याची होती.) एकशे एकोणचाळीस जणांनी धावणे असाइनमेंटच्या स्वरूपात दिले तर चालेल का, अशी पृच्छा केली. द्वारकेवरून दुचाकीने येणाऱ्यांची नाडी विश्रांत अवस्थेतही एकशे अठराच्या खाली येईना, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखण्यात आला. ढिकले सर तिन्ही दिवस उन्हात उभे होते आणि, माझ्या माहितीप्रमाणे, आनंदात होते.

पाचशे अडतीस जणांची मोजमापे हाती आली. पहिला आला संघर्ष गांगुर्डे.

हा तृतीय वर्ष विज्ञानचा विद्यार्थी. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये तो दुसऱ्या पाळीत काम करी. वडील नाहीत; आई वत्सलाबाई एका शाळेत सेविका. सकाळी सातपूरहून सायकलने कॉलेज, दुपारी सायकलने परत, तीन ते अकरा यंत्रावर उभे. सोळाशे मीटर तो वर्कशॉपच्या लोखंडी टोकांच्या बुटांत पाच मिनिटे वीस सेकंदांत पळाला. जोर काढायला लागला तेव्हा रांगेतल्या बाकीच्यांना उशीर होतोय म्हणून ढिकले सरांनीच त्याला सत्तराला थांबवले. मागील वर्षाचे त्याचे गुण शेकडा सेहेचाळीस. वर्गात तो तिसऱ्या बाकावर झोपतो, अशी तीन प्राध्यापकांची लेखी नोंद आहे. मात्र मालकाने त्याला शब्द दिला होता, की पदवी आणून दाखव, जूनपासून तुला सुपरवायझर करतो. म्हणून तो वर्गात येऊन झोपत असे. घरी झोपत नसे.

पाचशे अडतिसावी आली वेदिका बोरस्ते. आधीची दोन्ही वर्षे महाविद्यालयात पहिली, शेकडा त्र्याण्णव. अंगठे धरायला सांगितले तेव्हा तिचे हात गुडघ्यांपर्यंत पोचले आणि तिने ढिकले सरांकडे पाहून नम्रपणे विचारले, "सर, इथपर्यंतचे गुण मिळतील का?" सोळाशे मीटरला तिला एकवीस मिनिटे लागली. त्यात वडिलांना केलेला एक फोन धरलेला आहे.

उज्वला मॅडमनी गणित मांडले. शारीरिक क्षमता आणि गुण यांचा सहसंबंध वजा शून्य दशांश चार एक आला, म्हणजे क्षमता वाढे तसे गुण उतरत. सोबत त्यांनी एक परिच्छेद जोडला होता: आपल्याकडे तंदुरुस्त मुले म्हणजे बहुतेक करून कामाला जाणारी मुले. कोणी पहाटे पंचवटीच्या बाजारात भाजीचे क्रेट उतरवतो, कोणी सातपूरला पाळी करतो. त्यांना अभ्यासाला वेळ नाही. ज्यांना वेळ आहे, ते उठत नाहीत. तेव्हा मुलांना पळवण्याआधी त्यांच्या वेळेचे काहीतरी पाहावे.

साहेबांनी कागद पाहिला. मग शून्याच्या अलीकडे बोट ठेवून ही आडवी रेघ कसली, असे विचारले. मॅडमनी ते वजा चिन्ह असल्याचे सांगितले. साहेबांनी, छपाईत ते निघून जाऊ शकेल काय, याबाबत चौकशी केली. मॅडम नाही म्हणाल्या. त्यांची ग्रंथालय समितीवर सन्मानपूर्वक नियुक्ती करण्यात आली.

आता प्रश्न असा होता, की निष्कर्ष चुकीचा असणे शक्य नव्हते, कारण तो पडद्यावर दाखवलेला होता. म्हणजे दोष मोजमापात होता. समितीने दोन सभा घेऊन तो शोधून काढला. मैदानाला पूर्वेकडे चार इंच उतार आहे. वारा सर्वांना सारखा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, धावण्याच्या चाचणीत ज्यांना धावता येते त्यांना अवाजवी फायदा मिळतो. न्याय्य आणि एकसमान मोजमापाचा आपल्याकडे एकच सिद्ध मार्ग आहे. त्यानुसार शारीरिक क्षमता हा विषय लेखी करण्यात आला. ऐंशी गुण लेखी परीक्षेला, वीस तासांच्या हजेरीला, लेखी उत्तीर्ण होण्यास किमान बत्तीस. पदवीसाठी सक्तीचा.

"मग मैदानाचं काय करायचं?" ढिकले सरांनी विचारले.

मैदानाचा विचार झालेलाच होता. नव्या विषयामुळे परीक्षेला बाके कमी पडणार होती. मैदानावर पत्र्याची शेड टाकून तिथे चारशे बाके मांडण्यात आली. फक्कीच्या रेषा बाके ओळीत लावायला उपयोगी पडल्या.

पाठ्यपुस्तक समितीनेच लिहिले. 'शारीरिक क्षमता: स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व', पृष्ठे दोनशे बारा. तिसरे प्रकरण धावण्याच्या इतिहासावर, सातवे घामाच्या प्रकारांवर. ढिकले सरांकडे नववे प्रकरण होते. त्यांनी पाठवलेला मजकूर एका ओळीचा होता: 'रोज उठावं आणि पळावं.' तो 'विस्तार करावा' असा शेरा मारून परत पाठवण्यात आला. विस्तारित मजकूर आठ दिवसांनी आला: 'रोज लवकर उठावं आणि जोरात पळावं.' नववे प्रकरण मग दुसऱ्या सदस्यांनी लिहिले. ते एकतीस पानांचे झाले.

विषयाचा तास सकाळी साडेसहाला ठेवला, कारण शरीरासाठी पहाटेची वेळ उत्तम, असे पान चौदावर म्हटले होते. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता. वेदिका बोरस्तेची आई तिला रोज सकाळी गोदाकाठी फिरायला नेत असे. ते बंद करून तिने तिला या तासाला बसवले. असे अनेकांनी केले. संध्याकाळी कॉलेज रोडला खासगी क्लास सुरू झाल्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचाही मोकळा वेळ सत्कारणी लागला. फेब्रुवारीअखेर केलेल्या पाहणीत प्रतिविद्यार्थी सरासरी दोन किलो सातशे ग्रॅम वाढ आढळली. अहवालात ती 'भरीव प्रगती' या शीर्षकाखाली घेतली आहे.

संघर्ष गांगुर्डे मात्र मागे पडला. पाळी सुटून घरी जाऊन जेवून झोपेपर्यंत साडेबारा-एक वाजे. साडेसहाच्या तासाला तो दोनातून एकदाही येईना. जानेवारीत मी त्याच्या नावे नोटीस काढली: 'आपण शारीरिक क्षमतेबाबत उदासीन असल्याचे निदर्शनास आले आहे.' ती घ्यायला तो कार्यालयात आला. दहा किलोमीटर सायकल मारून आला होता, अंगावरचा शर्ट पाठीला चिकटला होता. नोटीस वाचून त्याने घडी केली आणि विचारले, "भाऊसाहेब, तास नऊला नाही का होणार?" मी त्याला पान चौदा दाखवले. त्याने मान हलवली. जाताना पुस्तक मात्र मागून नेले. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचतो म्हणाला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पत्र्याच्या शेडमधल्या एका विभागावर पर्यवेक्षक म्हणून मी होतो. त्रेचाळीस विद्यार्थी. संघर्ष मधल्या ओळीत, त्याच्या शेजारच्या बाकावर वेदिका. प्रश्नपत्रिकेत चौथा प्रश्न दहा गुणांचा होता: 'जोर म्हणजे काय ते सांगून एक जोर कृतीसह स्पष्ट करा.'

बारा वाजून दहा मिनिटांनी संघर्षने हात वर केला. मी जवळ गेलो.

"भाऊसाहेब, हे 'कृतीसह' असंच आहे ना? छपाईची चूक नाही ना?"

मी प्रश्नपत्रिका पाहिली आणि तसेच असल्याचे सांगितले. परीक्षार्थीस याहून अधिक माहिती देण्याचा मला अधिकार नव्हता. त्याने पेनाला टोपण लावले. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. दोन बाकांमधल्या मोकळ्या जागेत उतरला, दोन्ही तळहात जमिनीवर टेकले आणि जोर काढायला सुरुवात केली.

माझ्या सेवेत मी परीक्षेतले बरेच काही पाहिले आहे. बुटात चिठ्ठी, पट्टीवर सूत्रे, एकदा प्लास्टरच्या आत अख्खे प्रकरण. पण परीक्षेत कोणी प्रश्नात विचारलेली गोष्ट करताना मी पाहिले नव्हते. नियमपुस्तिकेत त्यावर काय करावे ते नव्हते, म्हणून मी काही केले नाही. बेचाळीस जण लिहायचे थांबून बघत होते. खाली-वर, खाली-वर, एका लयीत, कंबर कुठेही न ढळता. मी मोजले नाहीत. एकसष्ट होते.

मग तो उठला, हात झटकले, बाकावर बसला आणि उत्तरपत्रिकेत लिहिले: 'प्र. ४ चे उत्तर बाकाशेजारी दिले आहे.' आणि पाचव्या प्रश्नाकडे वळला. आजूबाजूला एकदम पेने चालू लागल्याचा आवाज आला.

मला गैरप्रकाराचा अहवाल भरावा लागला, कारण दुसरा कोणता नमुना उपलब्ध नव्हता. 'गैरप्रकारासाठी वापरलेले साधन' या रकान्यात मी 'दोन्ही हात' असे लिहिले. 'साधन जप्त केले काय?' या रकान्यात, 'शक्य झाले नाही.'

चौकशी चौथ्या दिवशी झाली. गैरप्रकार सिद्ध झाल्यास पूर्ण परीक्षा रद्द आणि पुढचे वर्ष बाद. म्हणजे पदवी गेली, जूनची सुपरवायझरकी गेली. वत्सलाबाई बाहेरच्या बाकड्यावर बसून होत्या. मुलाने कॉपी केली असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आत जाता जाता मला थांबवून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझा पोरगा बघून लिहीत नाही हो." मी ते नोंदवून घेतो म्हणालो.

आधी मराठी विभागाचे लेखी मत वाचण्यात आले. 'कृती हा शब्द परीक्षेच्या संदर्भात आला असता त्यात कृती अभिप्रेत नसते,' असे विभागप्रमुखांनी निःसंदिग्धपणे म्हटले होते. मग साहेबांनी संघर्षला त्याचे म्हणणे विचारले.

"सर, व्याख्या मला आठवत नव्हती," तो म्हणाला. "जोर आठवत होता."

शेजारच्या बाकावरची साक्षीदार म्हणून वेदिकेला बोलावले होते. या प्रकारामुळे तुझे लक्ष विचलित होऊन तुझे नुकसान झाले ना, असे साहेबांनी तिला विचारले. प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच होते; तिला फक्त हो म्हणायचे होते.

"नाही सर. माझा फायदा झाला. पुस्तकातला जोर मी चार वेळा वाचला होता, मला कळला नव्हता. मी ह्याचं बघून लिहिलंय." मग म्हणाली, "सगळ्यांनीच लिहिलंय सर."

उत्तरपत्रिका मागवण्यात आल्या. विभागातल्या बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी जोराचे अचूक, जिवंत वर्णन केले होते. सतरा जणांनी 'शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात' असे लिहिले होते. नऊ जणांनी, 'जोर काढण्यापूर्वी पेनाला टोपण लावावे.' एकाने आकृती काढली होती, तिच्यातला माणूस लोखंडी टोकांचे बूट घालून होता. परीक्षक ढिकले सर होते. वर्णन बरोबर असल्याने त्यांनी सर्वांना आठच्या वर गुण दिले होते. जोर ज्याने काढला, त्याला त्या प्रश्नात शून्य होते. बाकीच्या प्रश्नांत मिळून त्याचे पंचवीस होत होते.

साहेबांच्या लक्षात अडचण आली. संघर्षने केला तो गैरप्रकार असेल, तर एकोणचाळीस जणांनी त्याची नक्कल केली होती. त्यांत महाविद्यालयात पहिली येणारी मुलगी होती. तिचा निकाल राखून ठेवला, तर सहसंबंध पुन्हा आडव्या रेघेच्या पलीकडे जाण्याची भीती होती. सव्वा तासाच्या विचारविनिमयानंतर घटनेचे वर्गीकरण 'अनवधानाने घडलेले शारीरिक वर्तन' असे करण्यात आले. विद्यार्थ्याने लेखी माफी मागावी, प्रकरण बंद. परीक्षा वाचली. फक्त पंचवीस गुणांत तो नापास होत होता, आणि त्याला समितीचा इलाज नव्हता.

"साहेब, मी दहाला दहा दिले असते," ढिकले सर म्हणाले. "पण कागदावर काय नाय."

"कागदावर नाही, तर नाही," साहेब म्हणाले.

ढिकले सर संघर्षला घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्याची आई दारात उभी होती. सरांनी माफीनामा लिहायला कागद मागितला. मी हाताला आला तो दिला. हाताला आली ती परीक्षेची पुरवणी होती, क्रमांक टाकलेली. (कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे खालच्या खणात होते. त्यांबद्दल कोणी विचारले नाही.) सरांनी ती उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि संघर्षला समोर बसवला.

"माफी मागायची, तर काय केलं ते नीट सांगाया लागतं," ते म्हणाले. "हात कुठं होते, पाय कुठं, कंबर कशी, श्वास कवा घेतला, कवा सोडला. मोघम लिहिलेली माफी साहेबांना चालायची नाय. लिही."

संघर्षने दीड पान लिहिले. 'मी दोन्ही तळहात खांद्यांच्या रुंदीइतके लांब जमिनीवर टेकले. पाय मागे सरळ ठेवले. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवले. श्वास घेत कोपरांत वाकून छाती जमिनीजवळ नेली व श्वास सोडत पूर्ववत आलो. यास एक जोर म्हणतात. असे मी एकसष्ट वेळा केले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.' खाली त्याने आकृतीही काढली. साहेबांनी पहिली आणि शेवटची ओळ वाचली व त्यावर 'स्वीकारले' असे लिहून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी ढिकले सरांनी ती पुरवणी उत्तरपत्रिकेला जोडली आणि प्रश्न चारला दहापैकी आठ गुण दिले. दिलगिरी विचारलेली नव्हती, म्हणून दोन कापले. पंचवीस आणि आठ तेहेतीस. समितीच्या एका सदस्याने हरकत घेतली. पण पुरवणीवर क्रमांक होता, पर्यवेक्षकाची म्हणजे माझी सही होती, आणि ती स्वीकारल्याचे खुद्द प्राचार्यांच्या हस्ताक्षरात होते. नियम म्हणजे नियम. निकाल घ्यायला वत्सलाबाई मुलाबरोबर आल्या होत्या. गुणपत्रिकेवरच्या 'शारीरिक क्षमता: काठावर उत्तीर्ण' या शेऱ्यावर त्यांनी बोट फिरवले आणि पदराने डोळे पुसले.

अंतिम सहसंबंध अधिक शून्य दशांश नऊ दोन आला. जगात एवढा कोठेही आला नसावा. जो अभ्यासात हुशार, तो शारीरिक क्षमतेतही अव्वल, हे आकड्यांनी सिद्ध झाले. वेदिका बोरस्ते ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर गुण मिळवून महाविद्यालयातील सर्वाधिक तंदुरुस्त विद्यार्थिनी ठरली. पारितोषिक समारंभात तिला दिलेली ढाल तिला उचलेना. दोन प्राध्यापकांनी ती खालून धरली, छायाचित्रात त्यांचे हात दिसत नाहीत.

मेच्या अखेरीस, ढिकले सरांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना, ती त्यांना शोधत आली. म्हणाली, "सर, मला एक जोर शिकवा." मैदानावर आता शारीरिक-शैक्षणिक संशोधन केंद्राचा पाया खणत होते. म्हणून सर तिला कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात रोज सकाळी शिकवू लागले. पहिल्या दिवशी ती जमिनीवर पडली ती पडूनच राहिली आणि हसत सुटली. पाचव्या दिवशी अर्धा झाला. नवव्या दिवशी, एकतीस मे, एक पूर्ण जोर झाला. हात थरथरत होते, पण कंबर ढळली नाही. ढिकले सरांनी गळ्यातली शिट्टी एकदाच वाजवली, मग ती काढून तिच्या हातात दिली आणि हार घ्यायला निरोप समारंभाला गेले. मी खिडकीतून पाहत होतो. अहवालात यासाठी रकाना नव्हता.

संघर्ष जूनमध्ये सुपरवायझर झाला. आता तो मोटारसायकलने जातो, केबिनमध्ये बसतो आणि दुसऱ्यांच्या कामाच्या नोंदी करतो. परवा द्वारकेला भेटला. शर्टाचे खालचे बटण ताणलेले दिसले. शिक्षणाचा शरीरावर परिणाम होतो, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा मी पूर्वी पाहिला नव्हता. मी आईची चौकशी केली. त्यांना आता काम सोडायला लावलंय, असे तो अभिमानाने म्हणाला.

वर्तमानपत्रांत बातमी आल्यानंतर पंधरा दिवसांत कार्यालयात तीनशे चौदा दूरध्वनी आले. सर्व पालकांचे होते आणि मीच ते घेतले. एकशे नव्वद जणांनी पाठ्यपुस्तक कोठे मिळेल ते विचारले. अठ्ठ्याऐंशी जणांना क्लासचा पत्ता हवा होता, पस्तीस जणांना अपेक्षित प्रश्नसंच. मैदानाबद्दल कोणी विचारले नाही. शेवटचा दूरध्वनी आपला होता, म्हणून हे पत्र. आपली मुलगी अंगाने नाजूक असून अभ्यासात अत्यंत हुशार आहे, तेव्हा हजेरीचे वीस गुणही लेखीतच धरता येतील का, अशी आपण फार सौजन्याने विचारणा केली होती. कळविण्यास आनंद होतो, की आपली सूचना समितीने एकमताने मान्य केली आहे.